साताऱ्यातली एक ख्रिस्ती व्याख्यानमाला : अवघड विषय घेतल्यावर काय झालं

साताऱ्यात एक छोटं अभ्यासमंडळ आहे. थंडी ओसरताना, सलग तीन संध्याकाळी, ते ख्रिस्ती धर्मविचारावर जाहीर व्याख्यानं ठेवतं. तिकीट नाही, निमंत्रणपत्रिकेची अट नाही, कुणीही यावं. मंडळाचं आणि माणसांची नावं इथे देत नाही. प्रकरण समजायला त्यांची गरज नाही, आणि कार्यकारिणीचीही तशीच इच्छा आहे. मी मंडळाचा सभासद नाही. सुरुवातीपासूनचा श्रोता आहे, आणि २०२५ ची व्याख्यानं संपल्यावर आयोजकांपैकी बहुतेकांशी सविस्तर बोललो आहे.

प्रश्न थोडक्यात असा. जिथे ख्रिस्ती वस्ती थोडी आहे आणि धर्मांतर या शब्दाभोवती कायम ताण असतो, अशा जिल्ह्याच्या गावात ख्रिस्ती सिद्धांतावर जाहीरपणे बोलायचं तर कसं बोलायचं? पहिली तीन वर्षं मंडळाने सिद्धांत बाजूला ठेवून सर्वांना रुचेल असं बोलून पाहिलं. चौथ्या वर्षी ख्रिस्ती विचारातला सर्वांत अवघड विषय निवडला. दोन्हींचे परिणाम माझ्या डोळ्यांसमोर घडले, आणि दुसरा मार्ग बरोबर होता असं माझं स्पष्ट मत आहे.

गाव आणि मंडळ

साताऱ्याला ख्रिस्ती विचार नवा नाही. अमेरिकन मराठी मिशनचं काम इथे एकोणिसाव्या शतकापासून आहे. पण मंडळाच्या लोकांना जवळची वाटते ती दुसरीच गोष्ट. रेव्हरंड नारायण वामन टिळक १९१७ साली साताऱ्यात येऊन राहिले आणि इथेच त्यांनी ‘देवाचा दरबार’ उभा केला. त्या दरबारात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही जागा होती. दोन वर्षांत, १९१९ च्या मे महिन्यात, टिळक गेले आणि दरबार फार वाढू शकला नाही. तरी ज्या गावात शंभर वर्षांपूर्वी कुणी असा प्रयोग केला, तिथे आपण निदान एक व्यासपीठ चालवावं, ही या मंडळाची मूळ प्रेरणा.

दुसरी अनुकूल गोष्ट म्हणजे इथला श्रोता. न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ मध्ये पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली, आणि ती पद्धत पुढे गावोगाव रुजली. प्रास्ताविक, वक्त्याचा परिचय, शाल-श्रीफळ, व्याख्यान, शेवटी आभार. हे सगळं इथल्या माणसाच्या अंगवळणी पडलेलं आहे. जवळच वाईला प्राज्ञपाठशाळा आणि मराठी विश्वकोशाचं कार्यालय. धर्मविषयावर दीड तास शांतपणे ऐकून घेणारी माणसं या भागात आहेत आणि ती शोधावी लागत नाहीत.

कार्यकारिणी मिश्र आहे. कार्यवाह एक निवृत्त शिक्षिका, जुन्या मराठी ख्रिस्ती घराण्यातल्या. त्यांना सगळे बाई म्हणतात. अध्यक्ष वकील आहेत. तत्त्वज्ञान शिकवून निवृत्त झालेले एक प्राध्यापक आहेत, घरात पंढरीची वारी असलेले. सुरुवातीलाच त्यांनी नियम ठरवले : व्यासपीठावरून प्रार्थना नाही, दारात पत्रकं नाहीत, झोळी फिरवायची नाही, आणि रोज अर्धा तास प्रश्नांना. संस्था १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली आणि १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली नोंदवली. संस्थेच्या घटनेच्या उद्देशांत ‘ख्रिस्ती धर्मविचाराचा अभ्यास आणि त्यावर सार्वजनिक व्याख्याने’ असं सरळ लिहिलं. वकीलसाहेबांनी ‘सांस्कृतिक उपक्रम’ असा मोघम शब्द घालायला ठाम नकार दिला होता. तो नकार पुढे फार उपयोगी पडला.

पैसा गावातलाच. वक्त्याचा प्रवास, मानधन, सभागृहाचं भाडं, माईकवाला, चहा. एका बाहेरच्या संस्थेने संपूर्ण खर्च उचलायची तयारी दाखवली होती. अट एवढीच की मागे त्यांचा फलक लागेल. मंडळाने नम्रपणे नाही म्हटलं. परदेशी देणगी घ्यायची तर २०१० च्या परकीय अंशदान कायद्याखाली नोंदणी किंवा परवानगी लागते. त्या वाटेला ते गेलेच नाहीत.

तीन वर्षांचा सौम्यपणा

पहिल्या तीन वर्षांचे विषय पाहा : मिशनऱ्यांचं शैक्षणिक कार्य, येशूची प्रेमाची शिकवण, सर्वधर्मसमभाव आणि बायबल, मिरजेच्या वानलेस रुग्णालयासारख्या संस्थांची सेवा. यातला एकही विषय वाईट नाही. वानलेस रुग्णालयावरचं व्याख्यान तर उत्तम झालं. पण दुसऱ्या वर्षी मागच्या रांगा मोकळ्या राहिल्या, आणि तिसऱ्या वर्षी मुख्यतः आयोजकांचे नातेवाईक होते. प्रश्नोत्तरांत कुणी तरी उठायचं, ‘फार सुंदर विवेचन झालं’ म्हणायचं आणि बसायचं.

याचं कारण मला प्रेक्षकांत बसून जाणवत होतं. वक्ते सावध बोलत होते. ख्रिस्ती माणसाला वाटे, यात आपल्या विश्वासाचा गाभा कुठे आला? बिगरख्रिस्ती माणसाला वाटे, एवढं तर आम्हालाही मान्य आहे, मग ऐकायला कशाला यायचं? आणि ज्याच्या मनात संशय होता त्याचा संशय उलट वाढत होता. गोड बोलून खरी गोष्ट दडवत आहेत, असं एका गृहस्थांनी चहाच्या वेळी मला स्पष्टच सांगितलं. मतभेदाची जागाच दाखवली नाही तर समोरच्याने प्रश्न विचारायचा कशावर?

विषयाची निवड

चौथ्या वर्षासाठी प्राध्यापकांनी विषय मांडला : निकियाची परिषद. इसवी सन ३२५ मध्ये, आजच्या तुर्कस्तानात असलेल्या या गावी, सम्राट कॉन्स्टन्टाइनने बिशपांची सभा बोलावली होती. २०२५ मध्ये त्याला १७०० वर्षं पूर्ण होत होती, म्हणजे निमित्तही होतं. पण प्राध्यापकांचं म्हणणं निमित्तापुरतं नव्हतं. त्यांचं म्हणणं असं की ख्रिस्ती धर्म इतरांपासून नेमका कुठे वेगळा होतो ते या परिषदेत दिसतं, आणि तेही भांडणाच्या रूपात दिसतं.

भांडण खरंच मोठं होतं. इजिप्तमधल्या अलेक्झांड्रियाचा एक पाळक, आरियस, शिकवत होता की पुत्र, म्हणजे येशू, हा देवाची पहिली आणि सर्वश्रेष्ठ निर्मिती आहे. तो नव्हता अशी एक अवस्था होती. यातला तर्क आजही पटकन पटतो. देव एकच राहतो आणि येशूला अत्युच्च स्थान मिळतं. विरुद्ध बाजूला बिशप अलेक्झांडर होते, आणि त्यांच्यासोबत आलेला तरुण डीकन, म्हणजे मंडळीचा सेवक, अथनेशियस, ज्याने ही बाजू पुढे आयुष्यभर लढवली. त्याचा मुद्दा : जो स्वतः निर्मिलेला आहे तो निर्मितीचं तारण कसं करणार? माणसाला देवाशी जोडायचं तर जोडणारा देवच असला पाहिजे. परिषदेने आरियसचं मत नाकारलं आणि पुत्र ‘जन्मलेला, निर्माण केलेला नव्हे’ असा मतांगीकार, म्हणजे विश्वासाची जाहीर कबुली, केला.

बाईंना विषय आवडला पण भीती वाटली. लोकांना कळेल का? त्यांचा दुसरा प्रश्न जास्त टोकदार होता : आपण येशूच्या देवत्वावर जाहीर बोललो की प्रचार केला असं म्हणणार नाहीत का?

तिसरी हरकत आली ती अनपेक्षित बाजूने. गावातल्या एका मंडळीचे, म्हणजे चर्चचे, पाळकसाहेब कार्यकारिणीला भेटायला आले. मतांगीकार ही उपासनेत उभं राहून म्हणायची गोष्ट आहे, ती चर्चेला टाकायची वस्तू नाही, असं त्यांचं म्हणणं होतं. मंडळीतली साधी माणसं आरियसची बाजू ऐकून गोंधळली तर जबाबदार कोण? हा आक्षेप मला बाहेरच्या आक्षेपांपेक्षा गंभीर वाटतो, कारण तो श्रद्धेच्या जबाबदारीतून आलेला होता. प्राध्यापकांनी उत्तर दिलं, ‘पाळकसाहेब, हा मतांगीकार भर सभेतल्या वादातूनच तयार झाला ना? वाद लपवला तर लोकांना फक्त निकाल मिळेल, त्यामागचं कारण मिळणार नाही.’ पाळकसाहेबांचं पूर्ण समाधान झालं नाही. तरी ते म्हणाले, येतो, ऐकतो.

वक्ता पुण्यातून मिळाला. ख्रिस्ती ईश्वरविज्ञान पदवीपातळीवर शिकवणाऱ्या मोठ्या संस्था तिथे आहेत. कॅथलिकांची ज्ञानदीप ही संस्था आहे, आणि १९८३ मध्ये यवतमाळहून पुण्यात आलेली युनियन बिब्लिकल सेमिनरी आहे. मात्र मराठीत सहज बोलणारा अध्यापक मिळवायला वेळ लागला. यातलं बहुतेक शिक्षण इंग्रजीत होतं, आणि विषयावर प्रभुत्व असलेले अनेक जण मराठीत बोलताना प्रवचनाच्या सुरात शिरतात.

सभागृहाचा प्रश्न

जाहिरात गेल्यावर सभागृहाच्या व्यवस्थापकांकडे एक पत्र आलं. धर्मांतराच्या हेतूने कार्यक्रम होत आहे, परवानगी रद्द करावी, असा मजकूर. व्यवस्थापक घाबरले आणि त्यांनी बाईंना फोन करून कार्यक्रम पुढे ढकलायला सांगितलं.

वकीलसाहेबांनी इथे जे केलं ते इतर मंडळांनी बघून ठेवावं असं आहे. त्यांनी वाद घातला नाही, वर्तमानपत्रात निवेदनही दिलं नाही. घटनेची प्रत, तिन्ही व्याख्यानांचे विषय, वक्त्याचा परिचय आणि मागच्या तीन वर्षांची ध्वनिमुद्रणं घेऊन ते व्यवस्थापकांकडे गेले. तेच कागद पोलीस ठाण्यातही दिले. संविधानाचं धर्मस्वातंत्र्याचं कलम २५ त्यांनी दाखवलं, आणि सोबत १९७७ चा स्टॅनिस्लॉस खटल्याचा निकालही दाखवला. त्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं आहे की प्रचाराच्या हक्कात दुसऱ्याचं धर्मांतर घडवण्याचा हक्क येत नाही. आपल्याला अडचणीचा वाटू शकणारा निकाल त्यांनी आपणहून पुढे ठेवला आणि सांगितलं, आम्ही या मर्यादेच्या आत आहोत, तपासून पाहा. उद्देशात ‘ख्रिस्ती धर्मविचार’ हे शब्द स्पष्ट लिहिलेले असल्यामुळे काही लपवल्याचा आरोप टिकलाच नाही. मग त्यांनी पत्र पाठवणाऱ्यांचा पत्ता घेतला आणि त्यांना निमंत्रण दिलं : पुढच्या रांगेत बसा, पहिला प्रश्न तुमचा.

सभागृह मिळालं. पत्र पाठवणाऱ्यांपैकी दोघे-तिघे आलेही.

तीन संध्याकाळ

पहिल्या दिवशी सभागृह भरलं. त्यात पत्रामुळे झालेल्या चर्चेचा वाटा नक्कीच होता, तो मान्य केला पाहिजे. पण उत्सुकता फक्त तेवढीच असती तर लोक दुसऱ्या दिवशी परतले नसते.

पहिला प्रश्न ठरल्याप्रमाणे पुढच्या रांगेतून आला : म्हणजे एका रोमन बादशहाने मतदान घेऊन एका माणसाला देव केलं, बरोबर? सभागृहात जरा कुजबुज झाली. वक्त्याने प्रश्न मनापासून घेतला. पौलाने फिलिप्पैकरांस लिहिलेल्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायात येशूला देवस्वरूप म्हणणाऱ्या ओळी आहेत, आणि ते पत्र निकियाच्या अडीचशेहून जास्त वर्षं आधीचं. इसवी सन ११२ च्या सुमाराला प्लिनी नावाच्या रोमन अधिकाऱ्याने सम्राटाला कळवलं होतं की हे लोक पहाटे जमून ख्रिस्ताला देव मानून स्तोत्र गातात. प्लिनी ज्या बिथुनिया प्रांताचा कारभार पाहत होता, त्याच प्रांतात निकिया आहे. आणि बादशहाची इच्छाच चालली असती तर पुढचा इतिहास उलटा झाला असता. कॉन्स्टन्टाइन नंतर आरियसच्या बाजूच्या लोकांकडे झुकला, मरताना बाप्तिस्माही त्याच गटाच्या बिशपाकडून घेतला, आणि अथनेशियसला पाच वेळा हद्दपार व्हावं लागलं. प्रश्न विचारणारे गृहस्थ म्हणाले, ‘हे मला माहीत नव्हतं. पण राजाश्रय मिळाल्यावर धर्माचं काय होतं, हा माझा प्रश्न शिल्लक आहे.’ वक्ता म्हणाला, ‘माझाही आहे.’ चार वर्षांत त्या सभागृहात झालेला हा पहिला खरा संवाद होता.

एका मुस्लिम श्रोत्याने विचारलं, ईश्वराला मुलगा असणं हीच कल्पना त्याच्या एकत्वाला बाध आणत नाही का? आरियसला नेमकं हेच वाटत होतं, असं वक्त्याने सांगितलं. पुत्रत्व शरीराच्या अर्थाने कुणीच म्हटलेलं नाही. मतांगीकार ‘प्रकाशापासून प्रकाश’ म्हणतो, म्हणजे दिवा पेटलेला आहे पण त्याचा उजेड नाही असा क्षण जसा दाखवता येत नाही, तसं पित्याचं आणि पुत्राचं आहे. मतभेद मिटला नाही. तो कुठे आहे हे मात्र दोघांनाही कळलं.

दुसरा दिवस देहधारण (देवाने येशूच्या रूपात माणूस होणं) आणि अवतार यांवर होता, आणि माझ्या मते तोच दिवस सर्वांत श्रीमंत झाला. एका वारकरी आजोबांनी विचारलं, ‘महाराज, गीता युगे युगे म्हणते. भगवंत भक्तासाठी पुन्हा पुन्हा येतो. तुम्ही एकदाच म्हणता. देवाला एकदाच यायची अट कोणी घातली?’ माणसं हसली, पण प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. वक्त्याने दोन्ही कल्पनांचं प्रयोजन वेगळं करून दाखवलं. अवतार धर्माची घडी पुन्हा बसवतो. घडी पुन्हा बिघडू शकते, म्हणून तो पुन्हा येतो. ख्रिस्ती सिद्धांतात देवाने माणूसपण धारण केलं ते परत उतरवून ठेवलेलं नाही. तो भुकेला झाला, रडला, वधस्तंभावर खरोखर मेला. त्याचं शरीर नुसता आभास होता हे मत मंडळीने फार आधी नाकारलं. आणि पुनरुत्थानानंतरही तो माणूसच राहिला. एकदा घेतलेलं माणूसपण कायमचं असेल तर पुन्हा येऊन ते घ्यायचं कारण उरत नाही. ‘एकदाच’ या शब्दाचं कारण हे. यात देवाच्या शक्तीला मर्यादा घातलेली नाही.

आजोबांनी थोडा विचार केला. ‘आमचा पांडुरंगही विटेवरून गेलेला नाही,’ ते म्हणाले. वक्त्याने ही जोड नाकारली नाही आणि घाईने स्वीकारलीही नाही. बंगालचे ख्रिस्ती विचारवंत ब्रह्मबांधव उपाध्याय यांनी त्रैक्याला, म्हणजे पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा या एकाच देवाला, सच्चिदानंद म्हणून वंदन केलं होतं, आणि नीलकंठशास्त्री गोऱ्यांसारख्या पंडिताने ख्रिस्ती झाल्यावर हिंदू दर्शनांशी कडक वाद घातला होता, या दोन्ही वाटा त्याने सांगितल्या. मराठीत फादर स्टीफन्स यांच्या ख्रिस्तपुराणापासून, म्हणजे १६१६ पासून, ही कथा ओवीत सांगितली गेली आहे. ओवीत आली म्हणून ती वारकरी झाली नाही आणि परकीही राहिली नाही, असं त्याचं म्हणणं.

त्याच दिवशी एका कॉलेजच्या मुलीने विचारलं, हा मतांगीकार प्रत्यक्षात म्हणतात कसा? वक्त्याने पाळकसाहेबांकडे पाहिलं. ते उठले आणि मराठीत पूर्ण म्हटला. सांगताना हेही सांगितलं की आज म्हणतात ते रूप मुख्यतः ३८१ च्या कॉन्स्टन्टिनोपलच्या परिषदेचं आहे. मात्र ते म्हणू लागताच सभागृहातले ख्रिस्ती श्रोते सवयीने उभे राहिले, आणि शेवटी ‘आमेन’ झालं.

तिसऱ्या दिवसाचा ठरलेला विषय बाजूला पडला. आदल्या रात्री एक चिठ्ठी आली होती, सत्यशोधक घराण्यातल्या एका श्रोत्याची. कटगुणच्या मातीशी नातं असलेल्या जोतीराव फुल्यांनी ‘गुलामगिरी’त येशूला बळीराजा मानलं, मग ज्या धर्माने देव माणूस झाला असं म्हटलं त्याच्या मंडळ्यांत जात कशी शिरली? वक्त्याने आपली टिपणं ठेवून दिली आणि संपूर्ण वेळ यालाच दिला. १८३३ मध्ये कलकत्त्याचे बिशप डॅनियल विल्सन यांनी दक्षिणेतल्या मंडळ्यांना जातिभेद सोडण्याचा आदेश दिला, तेव्हा तंजावरला लोक मंडळी सोडून गेले, हे त्याने सांगितलं. अरविंद निर्मल यांनी १९८० च्या दशकात मांडलेलं दलित ईश्वरविज्ञान सांगितलं : देहधारण खरं असेल तर देवाने कोणत्या माणसाचं शरीर घेतलं, राजाचं की तुडवलेल्याचं? १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशामुळे ख्रिस्ती दलितांना अनुसूचित जातीचा दर्जा मिळत नाही, हा आजचा पेचही आला. मंडळीतल्या काही ज्येष्ठांना हे रुचलं नाही आणि दोघे उठून गेले. बाकीचे थांबले, आणि प्रश्नोत्तरं ठरल्या वेळेच्या पुढे गेली.

नंतर

निष्कर्ष काढताना एका गोष्टीचं भान ठेवलं पाहिजे. हा वक्ता उत्तम होता, आणि दुसऱ्या कुणाच्या हाती हाच विषय कोरडा झाला असता. तरी सौम्य वर्षांतले वक्तेही कमी प्रतीचे नव्हते. फरक विषयाच्या धारेने पडला. सिद्धांत पूर्ण मांडला गेला तेव्हा वारकऱ्याला, मुसलमानाला, सत्यशोधकाला आणि विरोधकाला आपापल्या जागेवरून विचारता आलं, आणि ख्रिस्ती श्रोत्यालाही आपण रविवारी काय म्हणतो ते कारणासहित कळलं. एका वृद्ध बाईंनी मला सांगितलं की लहानपणापासून म्हणत आलेल्या ‘निर्माण केलेला नव्हे’ या ओळीमागे एवढं भांडण होतं हे त्यांना पहिल्यांदा समजलं, आणि त्यामुळे ती ओळ त्यांना अधिक प्रिय झाली. पाळकसाहेबांची गोंधळाची भीती या एका उदाहरणात तरी खरी ठरली नाही.

दुसऱ्या दिवसाच्या त्या ‘आमेन’वरून मात्र कार्यकारिणीत मतभेद आहे. प्रार्थना नको हा नियम मोडला, असं वकीलसाहेब म्हणतात. पुढे कुणी बोट ठेवलं तर हीच जागा सापडेल. प्राध्यापक म्हणतात, श्रोत्याने विचारलं, उत्तर म्हणून म्हटलं गेलं, उभं राहणं ही लोकांची स्वतःची कृती. बाई मधे आहेत. माझं मत वकीलसाहेबांच्या जवळचं आहे : म्हणून दाखवायला हरकत नाही, पण आधी दोन वाक्यांत ते कशासाठी आहे हे सांगायला हवं होतं, म्हणजे बसून राहिलेल्या माणसाला आपण कुठल्या तरी विधीत ओढले गेलो असं वाटलं नसतं. पाळकसाहेबांना हे पटत नाही. मतांगीकार बसून ऐकवायचा तर तो मी ऐकवणार नाही, असं ते म्हणाले आहेत, आणि त्यांचाही मान राखलाच पाहिजे.

पुढचा विषय ठरला आहे : पापक्षमा आणि कर्मविपाक. पत्र पाठवणाऱ्यांपैकी एकांनी बाईंना फोन करून तारीख विचारून घेतली. वारकरी आजोबांना प्राध्यापकांनी तिसऱ्या दिवशी अध्यक्षस्थान स्वीकारण्याची विनंती केली आहे. बोलायला नाही, ऐकायला येईन, असं त्यांनी कळवलं आहे. नियमांच्या कागदात मतांगीकाराबद्दल काय लिहायचं, ती ओळ अजून कोरी आहे.